सिंकखालचा आरओ आणि त्याच्या टोकाचं ‘अल्कलाइन’ कार्ट्रिज: पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी

आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, आणि त्याच्या टोकाला खनिजं परत मिसळणारं अल्कलाइन कार्ट्रिज बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला ग्लास भरला, एक घोट घेतला आणि उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं. जिभेवरून साबण फिरवल्यासारखी चव! आदल्या संध्याकाळी याच तोटीचं पाणी चांगलं लागलं होतं. सामू, म्हणजे पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), मोजायचा नवाकोरा मीटर बुडवला तर आकडा ९.६. अर्ध्या तासाने पुन्हा भरलेल्या ग्लासात ७.९. मीटर बिघडला, कार्ट्रिज सदोष निघालं, पाण्यात काहीतरी मिसळलं, असे सगळे संशय घेऊन झाले. खरं तर यातलं काहीच झालं नव्हतं. यंत्र जसं चालायला हवं तसंच चालत होतं. ते कसं चालतं एवढंच मी विचारलं नव्हतं.

मी सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी यंत्र घेतलं, मग बसवलं, मग पाणी तपासलं. तुम्ही सुलट क्रमाने करा.

१. आधी पाणी तपासा

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर पेनाएवढा असतो आणि सगळे तोच दाखवतात. तो घ्या, पण त्याला काय कळतं आणि काय कळत नाही ते लक्षात ठेवा. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने गुणून ‘विरघळलेले क्षार इतके’ असा अंदाज सांगतो. पाण्यात जंतू आहेत का, कीटकनाशक आहे का, आर्सेनिक आहे का, हे त्याला कळत नाही. आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. शेकड्यांत आकडे दाखवणाऱ्या मीटरला तेवढं कुठून दिसणार?

म्हणून एकदा तरी पाणी प्रयोगशाळेत द्या. मागायच्या चाचण्या: टीडीएस, एकूण कठीणपणा, सामू, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद), लोह, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसं आणि कोलिफॉर्म (घाण मिसळल्याची खूण असणारे) जंतू. याच संघटनेची फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ५०, हे आकडे हाताशी ठेवा. जंतूंच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा, घरातली धुतलेली नको. शिशाचा संशय असेल तर रात्रभर बंद असलेल्या नळाचं अगदी पहिलं पाणी भरा, कारण शिसं बहुतेक वेळा घरातल्याच जुन्या पाइपांतून आणि जोडांतून येतं.

अहवाल आल्यावर यंत्राची गरज आहे का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. टीडीएस लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर चवीच्या दृष्टीने पाणी साधारणपणे चांगलंच मानलं जातं. तक्रार फक्त क्लोरीनच्या वासाची असेल तर चांगला कार्बन फिल्टर पुरतो. जंतूंची असेल तर यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) किंवा उकळणं. आरओ घ्यायचा तो पाणी खारं असेल, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक किंवा शिसं जास्त असेल तर. पाणी वाया घालवणारं यंत्र उगाच बसवण्यात अर्थ नाही.

२. मेम्ब्रेन काय अडवतं आणि काय सोडतं

पाणी दाबाने एका अतिशय दाट पापुद्र्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, ढकललं जातं. पाणी पलीकडे जातं, बरेचसे क्षार अलीकडे राहतात आणि ते क्षार घेऊन उरलेलं पाणी गटारात जातं. चांगलं मेम्ब्रेन ९० ते ९८ टक्के क्षार अडवतं. नायट्रेटच्या बाबतीत ते थोडं कच्चं असतं.

पहिलं व्यवहार्य मेम्ब्रेन १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि श्रीनिवास सुरीराजन यांनी बनवलं. ते सेल्युलोज अॅसिटेटचं होतं आणि थोडाफार क्लोरीन सोसायचं. आजची घरगुती मेम्ब्रेन पॉलिअमाइडची असतात. ती कमी दाबात जास्त पाणी देतात, पण क्लोरीन त्यांना खाऊन टाकतो. म्हणून मेम्ब्रेनच्या आधीचा कार्बन फिल्टर फक्त वासासाठी नसतो, तो मेम्ब्रेनचा पहारेकरी असतो. तो वेळेवर बदलला नाही तर महिन्याभरात काही दिसत नाही, पण वर्षाच्या शेवटी मेम्ब्रेन गेलेलं असतं.

आता सामूची गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे आम्लपणा झेलणारा क्षार, असतं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. मेम्ब्रेन बायकार्बोनेट अडवतं, पण वायूला अडवू शकत नाही. तो सरळ पलीकडे जातो. परिणामी आरओचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं, साधारण ५.५ ते ६.५. अशा पाण्याने माणसाला अपाय होत नाही, पण ते फिकं, ‘पोकळ’ लागतं आणि पितळेच्या किंवा तांब्याच्या पाइपांतून हळूहळू धातू विरघळवून घेतं. म्हणून आरओच्या पुढच्या भागात प्लॅस्टिकची नळी आणि त्यासाठीचीच तोटी वापरा.

३. अल्कलाइन कार्ट्रिजमध्ये काय भरलेलं असतं

माझं पहिलं कार्ट्रिज संपल्यावर मी ते करवतीने कापून पाहिलं. आत पांढरे खडे आणि काही रंगीत गोळ्या. पांढरे खडे म्हणजे कॅल्साइट, साध्या भाषेत चुनखडी. सोबत बहुधा मॅग्नेशियम ऑक्साइड असतो. रंगीत गोळ्यांना टूर्मलीन, सिरॅमिक वगैरे नावं असतात. चव आणि सामू बदलण्याचं खरं काम पहिले दोन पदार्थ करतात.

मेम्ब्रेनमधून निसटलेला कार्बन डायऑक्साइड कॅल्साइटशी जुळतो आणि कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं. म्हणजे ज्या वायूने पाणी आम्लधर्मी केलं, तोच वापरून पाण्यात कॅल्शियम येतं आणि सामू वर चढतो. वायू संपला की कॅल्साइट विरघळायचं प्रमाण घटतं. त्यामुळे कॅल्साइट स्वतःला आवरतं. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात ते सामूला साधारण ८.३ पर्यंत नेतं. मॅग्नेशियम ऑक्साइडला मात्र असा आवर नसतो. पाणी त्याच्याजवळ साचून राहिलं की सामू ९.५ किंवा १० कडे सरकतो.

माझा सकाळचा साबणी ग्लास इथे उलगडतो. रात्रभर कार्ट्रिजमध्ये अडकलेलं पाणी खड्यांत भिजत होतं. सकाळी आधी तेच बाहेर आलं. त्यानंतरचं पाणी खड्यांवरून काही सेकंदांतच निघून गेलं, म्हणून आकडा उतरला.

पुढचा मुद्दा थोडा अप्रिय आहे, पण सांगायला हवा. अल्कलाइन पाण्याने शरीरातली आम्लता जाते, रक्त शुद्ध होतं, रोग पळतात, असे दावे ऐकायला मिळतील. जठरातल्या रसाचा सामू १.५ ते ३.५ च्या दरम्यान असतो, एक ग्लास पाणी त्याला फार हलवू शकत नाही. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून सांभाळतात, पाण्याची तोटी नाही. आणि खनिजांचा हिशेब? समजा लिटरभर पाण्यात ३० मिलिग्रॅम कॅल्साइट विरघळलं. त्यात कॅल्शियम १२ मिलिग्रॅम. दिवसाला दोन लिटर प्यायलात तर २४. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे १००० मिलिग्रॅम. तेव्हा हे कार्ट्रिज घ्या ते चवीसाठी आणि पाण्याचा आम्लपणा घालवण्यासाठी. मी त्याचसाठी ठेवलं आहे आणि समाधानी आहे. घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र खनिजं मिसळणारं काहीही बसवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

विक्रीच्या वेळी होणारे दोन ‘प्रयोग’ ओळखून ठेवा.

पहिला विजेचा. दोन ग्लासांत धातूच्या पट्ट्या बुडवून वीज सोडतात. नळाचं पाणी तपकिरी, गढूळ होतं, आरओचं स्वच्छ राहतं. हा गाळ पाण्यातला नसतो, लोखंडाच्या पट्टीचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि पट्टी झिजते. आरओच्या पाण्यात वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून काही होत नाही. गंमत म्हणजे त्याच माणसाला त्याच्याच अल्कलाइन कार्ट्रिजचं पाणी तिसऱ्या ग्लासात घालायला सांगा. तेही रंग बदलायला लागेल.

दुसरा थेंबांचा. थेंब टाकले की पाणी निळं-जांभळं होतं. ते फक्त सामूचं सूचक असतं. आरओच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तरी तोच रंग येतो.

४. यंत्र निवडताना

*दाब.* बहुतेक मेम्ब्रेनची क्षमता सुमारे ६० पीएसआय (हे दाबाचं एकक) दाब आणि २५ अंश तापमान धरून छापलेली असते. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला ७५ अमेरिकन गॅलन, साधारण २८४ लिटर, मिनिटाला २०० मिलिलिटरच्या आसपास. तुमच्या घरी तेवढं मिळेलच असं नाही. प्रत्येक १०० टीडीएसमागे साधारण १ पीएसआय दाब नुसतं परासरण, म्हणजे पाण्याची क्षारांच्या बाजूला जायची ओढ, उलटवण्यात खर्च होतो. पाणी २५ अंशांपेक्षा जितकं गार, तितकं दर अंशामागे उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी घटतं. त्यात शुद्ध पाणी साठवणाऱ्या दाबाच्या टाकीचा उलटा दाब. नळाला साध्या दाबमापकाने दाब मोजा. ४० पीएसआयपेक्षा कमी असेल किंवा टीडीएस फार जास्त असेल तर बूस्टर पंप असलेलं यंत्र घ्या. ८० च्या वर असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर एखाद्या रात्री हाउसिंग, म्हणजे फिल्टरचा बाहेरचा डबा, फुटेल.

*टीडीएस कंट्रोलर.* काही यंत्रांत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की पाण्याची चव ‘गोड’ होते. तो करतो इतकंच की मेम्ब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. म्हणजे ज्या फ्लोराइडसाठी किंवा आर्सेनिकसाठी आरओ घेतला, ते मागच्या दाराने परत येतं. याला खनिजं परत घालणं म्हणू नका. अहवालात आरोग्याला घातक काही निघालं असेल तर हा स्क्रू पूर्ण बंद ठेवा किंवा तो नसलेलं यंत्र घ्या. खनिजं घालायची तर कार्ट्रिजमधूनच.

*प्रमाणपत्र.* आरओ यंत्रांसाठी एनएसएफ/एएनएसआय ५८ हे अमेरिकी मानक आहे. ४२ क्रमांकाचं मानक चव, वास आणि क्लोरीनपुरतं असतं. डब्यावर नुसतं ‘प्रमाणित’ लिहिलेलं पुरत नाही. कोणत्या क्रमांकाखाली आणि कोणता पदार्थ कमी करण्यासाठी, ते वाचा.

*कार्ट्रिजची जागा.* हे टाकीच्या आधी असू शकतं किंवा नंतर. टाकीच्या आधी असेल तर पाणी त्यातून सावकाश जातं, खनिजं नीट मिसळतात आणि टाकीत सगळं एकसारखं होतं. नंतर असेल तर पाणी झपकन जातं, असर कमी होतो आणि सकाळच्या पहिल्या ग्लासाची तऱ्हा होते. घरगुती यंत्रांत बऱ्याचदा ते नंतरच असतं. मी नळ्या फिरवून जागा बदलायचा विचार केला होता, मग सोडून दिला. सकाळचा पहिला ग्लास फरशी पुसायच्या बादलीत जातो आणि प्रश्न मिटतो.

फिल्टर सहज मिळणाऱ्या मापाचे आहेत का, हेही पाहा. एकाच कंपनीचं चावीसारखं बसणारं कार्ट्रिज असेल तर पुढची कित्येक वर्षं तुम्ही त्या कंपनीच्या हातात.

५. हाताशी काय हवं

- टीडीएस मीटर, आणि सामूसाठी मीटर किंवा थेंबांची चाचणी
- नळी कापायचं कटर (कात्रीने नळी चेमटते)
- पाना, टेफ्लॉन टेप, ड्रिल
- हाउसिंग उघडायचा पाना, बहुधा यंत्रासोबतच येतो
- टाकीची हवा मोजायला कमी दाबाचा गेज आणि सायकलचा पंप
- बादली, मोजमापाचं भांडं, जुने टॉवेल
- कागद: पाण्याचा अहवाल, खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, जोडणीचा नकाशा

वॉरंटीच्या अटी बसवण्याआधी वाचा. स्वतः बसवल्यास ती रद्द होते का, आणि येणाऱ्या पाण्याच्या टीडीएसची किंवा कठीणपणाची कमाल मर्यादा किती, ही दोन वाक्यं शोधा. भाड्याच्या घरात असाल तर सिंकला भोक पाडायची मालकांची लेखी परवानगी घ्या.

६. जोडणी

मुख्य पाणी बंद करा, तोटी उघडून दाब सोडा. गार पाण्याच्याच नळीवर टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. गरम पाण्याची नळी चुकूनही नको, बहुतेक घरगुती यंत्रं ३८ अंशांच्या वरच्या पाण्यासाठी नसतात. पाइपला सुईने भोक पाडणारी क्लॅम्प काही संचांत येते. ती टाळा, कालांतराने गळते.

वाया जाणाऱ्या पाण्याची नळी सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडायची, तीही ट्रॅपच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपच्या) वर. ट्रॅपच्या खाली जोडली तर गटाराचा वास नळीतून थेट यंत्रात. आणि नळीचं टोक त्या पाइपच्या आत खोल ढकलू नका.

दाबून बसवायच्या जोडांबद्दल एक गोष्ट. नळी काटकोनात कापा. ढकलली की एकदा अडते, तिथे थांबू नका. अजून जोर लावला की आणखी आत जाते, तिथे ती खरी ओ-रिंगमध्ये (आतल्या रबरी कडीत) बसते. मग मागे ओढून पाहा. मी एका जोडाला पहिल्याच अडथळ्याला थांबले होते. दोन दिवस टिपूसही नाही, तिसऱ्या रात्री कपाटाचा तळ फुगला. या जोडांना टेफ्लॉन टेप लावत नाहीत, ती फक्त आटे असलेल्या धातूच्या जोडांना.

सेडिमेंट (गाळ अडवणारा) आणि कार्बन फिल्टर बसवा, पण मेम्ब्रेन अजून नको. आधी या फिल्टरांतून पाणी सोडून बादलीत काढा. सुरुवातीला काळं येईल, ती कार्बनची भुकटी. ती मेम्ब्रेनवर गेली तर नवं मेम्ब्रेन पहिल्याच दिवशी तुंबतं. स्वच्छ पाणी आल्यावर हात धुऊन मेम्ब्रेन घाला. दोन छोट्या ओ-रिंग असलेलं टोक आत, रुंद रबरी कड झाकणाकडे. ओ-रिंग पाण्याने ओल्या करा, म्हणजे पिळवटणार नाहीत.

फ्लो रिस्ट्रिक्टर ही वाया जाणाऱ्या नळीतली बोटभर वस्तू. त्यावर लिहिलेला आकडा, म्हणजे ३०० किंवा ४५०, हा मिनिटाला इतके मिलिलिटर असा प्रवाह सांगतो. मेम्ब्रेन मोठं घेतलं की हाही त्याला साजेसा हवा. जुनाच ठेवला तर क्षार मेम्ब्रेनवर साचतात, फार मोठा लावला तर पाणी उगाच वाया जातं.

दाबाची टाकी असेल तर ती रिकामी असताना तिच्यातली हवा ७ ते ८ पीएसआय असावी. भरलेल्या टाकीवर मोजलेला आकडा निरुपयोगी.

अल्कलाइन कार्ट्रिजवर बाण असतो, पाण्याची दिशा तीच ठेवा. शक्य असेल तर उभं लावा. आडवं लावलं की खडे खाली बसतात आणि पाणी वरच्या मोकळ्या जागेतून निघून जातं.

शेवटची सूचना, आणि सगळ्यांत उपयोगी: मेम्ब्रेन आणि अल्कलाइन कार्ट्रिज यांच्या मध्ये एक छोटा टी आणि बंद करायची तोटी लावून ठेवा. नमुना घ्यायला. का, ते आठव्या पायरीत.

७. पहिलं पाणी पिऊ नका

नव्या मेम्ब्रेनमध्ये टिकवण्यासाठी घातलेलं रसायन असू शकतं. पुस्तिकेत सांगितलं असेल तितक्या टाक्या, एक असो की तीन, भरून रिकाम्या करा. अल्कलाइन कार्ट्रिजमधून आधी दुधाळ पाणी येतं. ग्लास टेबलावर ठेवून पाहा: ढगाळपणा खालून वर निवळत गेला तर ते हवेचे बुडबुडे, तळाशी पांढरं बसलं तर खड्यांची भुकटी. दोन्ही काही दिवसांत जातं. या दिवसांत सामू बराच जास्त दिसतो, घाबरू नका.

पहिले २४ तास सगळ्या जोडांखाली कोरा कागद अंथरून ठेवा. हाताला न जाणवणारी ठिबक कागदावर दिसते.

८. तीन ठिकाणी मोजा, लिहून ठेवा

येणारं पाणी, मेम्ब्रेननंतरचं पाणी, आणि तोटीचं पाणी. समजा येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ४८० आणि मेम्ब्रेननंतरचा २४. म्हणजे ४५६ अडले, ९५ टक्के. तोटीला ५५ दिसले तर वरचे ३१ कार्ट्रिजमधून आले. मधली तोटी नसेल तर तुम्हाला फक्त ५५ दिसतात आणि मेम्ब्रेन खराब झालं की खनिजं चांगली मिसळतायत, हे ठरवताच येत नाही. ‘टीडीएस वाढला, मेम्ब्रेन बदला’ असं ऐकून धडधाकट मेम्ब्रेन फेकलं जातं ते असंच.

नमुना घेण्याआधी यंत्र पाच-दहा मिनिटं चालू द्या. बंद असताना क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे पहिल्या मिनिटाचा आकडा नेहमी वाईट येतो.

सामूचा मीटर आरओच्या पाण्यात चंचल होतो, कारण पाण्यात आयनच कमी असतात. दोन-तीन मिनिटं थांबा. दर महिन्याला बफर द्रावणाने (ज्याचा सामू ठरलेला असतो) जुळवून घ्या. आणि मी केलं ते करू नका: मीटरचं टोक ‘स्वच्छ’ राहावं म्हणून मी ते आरओच्याच पाण्यात ठेवलं. पंधरा दिवसांत मीटर गेला. शुद्ध पाणी त्या काचेच्या टोकातले क्षार ओढून घेतं, त्याला साठवणीच्या खास द्रावणात ठेवतात.

एक बेरीज-वजाबाकी वाया जाणाऱ्या पाण्याचीही करा. मिनिटभर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या भांड्यांत सोडा. एक भाग चांगलं आणि तीन भाग वाया असेल, तर वरच्या उदाहरणात वाया जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस साधारण ६३२ येतो. एकास एक असेल तर ९३६. फरशी, संडास, गाडी धुणं यांना ते चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साचतात.

९. देखभाल

सेडिमेंट सहा महिने, कार्बन सहा ते बारा, मेम्ब्रेन दोन ते तीन वर्षं, अल्कलाइन कार्ट्रिज सहा ते बारा महिने. हे आकडे ढोबळ आहेत, तुमचं पाणी गढूळ किंवा कठीण असेल तर लवकर. मेम्ब्रेनचा निर्णय कॅलेंडरवरून घेऊ नका, अडवण्याची टक्केवारी सतत घसरायला लागली की घ्या.

वर्षातून एकदा टाकी आणि हाउसिंग निर्जंतुक करा. ब्लीच वापरणार असाल तर आधी मेम्ब्रेन आणि सगळे फिल्टर बाहेर काढा, आणि सगळं नीट धुऊन झाल्यावरच परत घाला. घर पंधरा दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा, आल्यावर पहिली भरलेली टाकी ओतून द्या. साचलेल्या पाण्यात क्लोरीन नसतो, जंतूंना मोकळं रान मिळतं.

१०. नेहमीच्या तक्रारी

*गटाराची नळी दिवसरात्र वाहते.* पंप नसलेल्या यंत्रात टाकीचा दाब येणाऱ्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांश झाला की ऑटो शटऑफ व्हॉल्व्ह पाणी बंद करतो. वाहणं थांबत नसेल तर टाकीचा नळ बंद करून वाट पाहा. थांबलं तर टाकीतली हवा तपासा. नाही थांबलं तर चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) किंवा शटऑफ गेला.

*पाण्याची धार बारीक.* टाकी उचलून पाहा. जड असून धार नाही तर हवा कमी. हलकी असेल तर टाकी भरतच नाहीये: दाब, सेडिमेंट, मेम्ब्रेन या क्रमाने बघा.

*किटलीत पांढरे कण.* उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम परत चुनखडी होऊन खाली बसतं. आरओ बिघडलेला नाही. ही तुम्ही विकत घेतलेलीच खनिजं.

*चव पुन्हा फिकी.* मेम्ब्रेननंतरचा आणि तोटीचा टीडीएस जवळजवळ सारखा आला की खडे संपले. अशा वेळी कार्ट्रिज हलवलं तर हलकं आणि खुळखुळणारं लागतं. नवं बसवताना मार्करने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख लिहा. माझ्या दारावर तीन तारखा खोडलेल्या आहेत, चौथी चालू आहे.